पहिला टिकाव पडण्याआधीची सव्वातीन वर्षं

23 जुलै 2021 च्या पहाटे आमच्या जुन्या घराची मागची भिंत कोसळली. पाटण तालुक्यात त्या रात्री काय झालं ते अनेकांना आठवत असेल. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला आणि घरं माणसांसकट गाडली गेली. आमच्या गावात जीव कुणाचा गेला नाही. आई शेजारच्या काकूंकडं झोपायला गेली होती, कारण संध्याकाळीच भिंतीला ओल धरून पोट सुटलं होतं आणि ते तिच्या लक्षात आलं होतं. मी पुण्यात, धाकटा भाऊ कराडला. रस्ते बंद. तिसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा आई अंगणात कौलं उचलून एकावर एक रचत होती. कोणती शाबूत आणि कोणती तडकलेली, हे बोटानं वाजवून बघत होती.

त्या दिवसापासून नव्या घराचा पहिला खड्डा खणेपर्यंत सव्वातीन वर्षं गेली. बांधकामावर पुष्कळ लिहिलेलं सापडतं, पण गावाकडं स्वतःच्या जमिनीत घर बांधायचं तर त्याआधी काय काय पार पाडावं लागतं हे सलग कुठं वाचायला मिळालं नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी पडलेल्या घराबद्दल. पंचनामा होईपर्यंत ढिगारा हलवू नका, आणि फोटोत शेजारच्या घराचा कोपरा येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येते. आमचं घर पाच खणांचं. तुळया, खांब आणि माजघराचा दरवाजा सागवानी. भावानं एकेक लाकूड मोजून वहीत लिहिलं, दगडांवर उचलून रचलं आणि वाळवीसाठी जळकं ऑइल लावून ताडपत्रीखाली ठेवलं. तीन पावसाळे ते लाकूड तसंच राहिलं. ती वही पुढं आर्किटेक्टला फार उपयोगी पडली.

त्याच जागी पुन्हा बांधावं असं सगळ्यांना वाटत होतं. पण ते घर चार भावकीच्या घरांना लागून, दोन भिंती सामाईक. आपली बाजू पाडली तर शेजारच्यांचं छप्पर उघडं पडणार. मग उरल्या दोन जागा. एक डोंगराच्या पायथ्याचा माळ, जिथून खाली नदी आणि समोरच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. दुसरं गावठाणाजवळचं 32 गुंठ्यांचं वावर, जिथून काहीच दिसत नाही. लहानपणापासून मी त्या माळावरच्या घराची चित्रं काढत आलेय. ऑगस्टमध्ये गावातल्या एका वयस्कर काकांनी मला माळावर नेलं. वरच्या अंगाला जमिनीला हात जाईल अशी भेग पडली होती, दोन ठिकाणी पूर्वी कधी नव्हते ते झरे फुटले होते आणि हिरड्याची झाडं उताराकडं कलली होती. काका म्हणाले, "पोरी, ह्यो डोंगूर अजून बसला न्हाय." त्या दिवशी माळ सोडला. वाईट वाटलं, आजही वाटतं, पण डोंगराच्या पायथ्याशी जागा बघणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की भेगा, नवे झरे आणि कललेली झाडं या तीन गोष्टी पावसाळ्यात, स्वतः पायी जाऊन बघा.

जानेवारी 2022 मध्ये कागदांना हात घातला. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो, तो काढला, आठ-अ म्हणजे खातेउतारा काढला, आणि दोन गोष्टी समोर आल्या. सातबाऱ्यावर आई, मी, भाऊ यांच्याबरोबर दोन्ही आत्यांची नावं होती, कारण जमीन आजोबांची. आणि इतर हक्काच्या रकान्यात आजोबांनी काढलेल्या पीककर्जाचा सोसायटीचा बोजा होता. कर्ज कधीच फिटलेलं, पण तो बोजा कमी करायला हवा हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. असा जुना बोजा दिसला की बँक पुढचं काही वाचत नाही.

बोजा उतरवायला चार महिने लागले. सोसायटीकडून कर्ज नसल्याचा दाखला, त्यासाठी जुन्या खतावणीतलं पान शोधणं, मग तलाठी भाऊसाहेबांकडं अर्ज, फेरफार म्हणजे बदलाची नोंद धरली गेली, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. एक सवय इथं लागली ती शेवटपर्यंत उपयोगी पडली. अर्ज दोन प्रतींत करायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक नि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. पुढच्या खेपेला आवक क्रमांक सांगितला की फाइल सापडते. नुसतं नाव सांगून सापडायला वेळ लागतो.

आत्यांचा विषय कागदाचा नव्हता. बाबा 2014 मध्ये गेले, तेव्हापासून आई एकटीच गावी. थोरल्या आत्या, ज्यांना आम्ही आक्का म्हणतो, साठी उलटलेल्या. त्यांच्याकडं "हक्कसोड करा" म्हणून जायचं कसं, हे मला महिनाभर सुचत नव्हतं. शेवटी आईच गेली. फोन नाही, निरोप नाही, एसटीनं गेली. "वन्सं, घर बांधायचं चाललंय, तुमच्या सह्या लागतील, पण तुम्हाला वाटा हवा असंल तर मोकळंपणानं सांगा," एवढंच बोलली. आक्कांनी चहा केला आणि म्हणाल्या, "वाटा नको वयनी. पन माहेरी आल्यावर पिशवी कुठं ठिवू, असं मला वाटू नये." धाकट्या आत्यांनी दोन दिवस विचार करून होकार दिला. त्या दोन दिवसांबद्दल आमच्यापैकी कुणीही त्यांना कधी बोललेलं नाही, आणि बोलू नये. त्यांचा हक्क होता.

9 मे 2022 ला दुय्यम निबंधकांकडं हक्कसोडपत्र नोंदलं गेलं. वडिलोपार्जित मिळकत आणि रक्ताचं नातं, त्यामुळं मुद्रांक 200 रुपयांचा. वकिलांची फी आणि बाकी धरून 9,500 रुपये गेले. तिथं रांगेत एका ओळखीच्या गृहस्थांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही पण सोडताय ना?" मी काही बोलायच्या आत भाऊ म्हणाला, "ताईचं नाव राहणार. कर्जाला ती आहे आणि घरालाही." तो प्रश्न विचारला जाणार हे मला ठाऊक होतं. असं उत्तर येईल हे मात्र ठाऊक नव्हतं. ज्या बहिणी हे वाचत असतील त्यांनी घरच्यांशी हे बोलणं निबंधकांच्या दारात पोहोचण्याआधी करून घ्यावं.

मग मोजणी. तातडीच्या मोजणीचं 2,000 रुपयांचं चलन भरलं, पण तोवर जून उजाडला होता. आमच्याकडं पावसात आणि वावरात भात उभं असताना मोजणी होत नाही, त्यामुळं तारीख मिळाली ती 6 डिसेंबरची. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा जातात. ते हजर राहतील असं आपणही बघावं, नाहीतर नंतर खुणांवरून वाद होतात. भूकरमापकांनी हद्दीच्या खुणा दाखवल्या आणि कळलं की पूर्वेचा बांध, जो आमच्या आजोबांपासून आमचा मानत आलो, तो शेजाऱ्यांच्या हद्दीत चार फूट शिरलेला आहे. सगळे गप्प झाले. आई पुढं झाली, नव्या खुणेपाशी दगड रोवायला लावला आणि म्हणाली, "जे तुमचं ते तुमचं." त्या वेळी मला चार फुटांची हळहळ वाटली होती. वर्षभरानं त्याच शेजाऱ्यांवाचून आमची परवानगी अडली असती, ते पुढं येईल. महिन्याभरात मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, हातात पडली.

शेतजमिनीत घर बांधायचं तर ती आधी बिनशेती करून घ्यावी लागते, त्याबद्दल मी फार ऐकून होते, त्यामुळं धास्ती होती. पण गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल संहितेत तेव्हा 42-ड हे कलम होतं, आणि आमचं वावर 140 मीटरवर. पूर्वीसारखी वेगळी अकृषिक परवानगी न मागता रूपांतर कर आणि आकारणी भरून बिनशेतीची सनद मिळायची. आम्ही 32 पैकी फक्त 6 गुंठ्यांसाठी अर्ज केला. चलनाची रक्कम इतकी लहान होती की मी ती दोनदा वाचली. त्याहून जास्त पैसे पुण्याहून खेपा घालण्यात गेले. सनद मार्च 2023 मध्ये मिळाली. त्यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून कमी-जास्त पत्रक, म्हणजे क्षेत्रातल्या बदलाचा कागद, होऊन सातबाऱ्यावर नोंद येणं बाकी होतं. सनद मिळाली की काम झालं असं समजून बरेच जण तिथंच थांबायचे. थांबून चालत नव्हतं. बँक सातबारा बघते.

आता घराबद्दल.

आर्किटेक्ट कराडच्या. त्यांनी पहिल्या भेटीत किती खोल्या हव्यात हे विचारलंच नाही. आईला म्हणाल्या, "मावशी, सकाळी उठल्यापासून तुम्ही कुठं कुठं जाता ते सांगा." आई अर्धा तास बोलली. चुलीवर पाणी, परसदारी भांडी, दारातली तुळस, मग शेळीला चारा, दुपारी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, निवडणं-टिपणं, आणि दिवसातून कितीतरी वेळा पाटावर बसताना-उठताना दुखणारा गुडघा. त्यातून पहिला आराखडा निघाला. 1,180 चौरस फूट, सगळं एका पातळीवर, पुढं सोपा, न्हाणीचं दार तीन फुटांचं, पायऱ्यांशेजारी उतार. मला हव्या असलेल्या वरच्या मजल्यावर आम्ही दोन महिने घालवले आणि शेवटी तो सोडला. आई एकटी राहणार आणि आम्ही महिन्यातून दोनदा येणार, तर झाडणार कोण?

मे 2023 मध्ये आर्किटेक्टनी एक गोष्ट केली, जी मी प्रत्येकाला करायला सांगते. वावरात फक्कीनं घराचा आराखडा खऱ्या मापात आखला. कागदावर दहा बाय नऊचं स्वयंपाकघर ठीक वाटत होतं. आई त्या पांढऱ्या रेघांच्या आत जाऊन उभी राहिली. जिथं ओटा येणार तिथं तोंड करून तिनं हवेत परात ओढली, वळली, फ्रीजच्या जागेला अडली. मग परत ओट्याकडं बघून म्हणाली, "हितनं दारात कोन आलं ते दिसत न्हाय. मी एकटी असनार." ओट्याची भिंत फिरवली, समोर अंगणाकडं चार फुटांची खिडकी आली, आणि खोली दोन फुटांनी वाढली. मजूर, फक्की, सुतळी मिळून 700 रुपये. पुढं भिंत पाडून बदलायची वेळ आली असती तर काय खर्च आला असता ते सांगायला नको.

पावसाची दिशा हा आमच्याकडचा मोठा मुद्दा. पश्चिमेकडून तिरका मारा येतो. म्हणून त्या बाजूला मोठ्या खिडक्या नाहीत आणि छज्जे अडीच फुटांचे. स्लॅबवर उतरतं छप्पर. वाचलेली जुनी कौलं सोप्यावर बसतील, आणि माजघराचा दरवाजा नव्या घराचा मुख्य दरवाजा होईल. वहीतली मापं बघून आर्किटेक्टनी चौकट त्या दरवाज्याप्रमाणं धरली.

त्याच महिन्यात जेसीबीनं चाचणी खड्डा घेतला, दोन तासांचे 2,400 रुपये. वर दोन फूट काळी माती, खाली तांबूस चिकण, आणि साडेपाच फुटांवर मुरूम लागला. मातीची वहनक्षमता तपासून घ्यायला 9,000 रुपये. "आपल्याकडं कुठं लागतंय हे" असं म्हणणारे बरेच भेटले. पण आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सव्वाचारनंतर झालेला भूकंप आईनं आठ वर्षांची असताना अनुभवलाय. तिचं माहेरही याच खोऱ्यातलं. ती सांगते, भांडी आधी वाजली, मग आवाज जमिनीतून आला. त्यानंतर कितीतरी दिवस सगळे वावरात गवताच्या पेंढ्यांवर झोपले.

स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळे घ्यायचे की आर्किटेक्टवर सोडायचं, यावर घरात वाद झाला. आईनं तो भूकंप सांगितला आणि वाद संपला. इंजिनिअरची फी 25,000. हा भाग तेव्हाच्या वर्गवारीत भूकंपाचा जास्त धोका असलेल्या क्षेत्र 4 मध्ये येत होता, त्यामुळं त्यांनी पायापासून वरपर्यंत हिशेब वेगळा मांडला. आम्हाला समजावून सांगताना त्यांनी टेबलावर लोखंडाची एक रिंग ठेवली, कॉलमच्या सळयांभोवती बसते ती. तिची दोन्ही टोकं आत वळलेली होती. म्हणाले, गवंडी हे टोक काटकोनात वाकवून सोडतात, कारण ते सोपं पडतं. हलल्यावर काँक्रीटचं वरचं आवरण सुटतं, ती रिंग उघडते आणि सळया फाकतात. टोक 135 अंशात वळवून काँक्रीटच्या गाभ्यात घुसवलं तर उघडत नाही. आणि कॉलम-बीम जिथं मिळतात तिथं रिंगा जवळ जवळ. या सगळ्यानं अंदाजपत्रक साधारण 80,000 रुपयांनी वाढलं. ती रिंग मी मागून घेतली. आता घरी खिडकीत आहे.

परवानगीचा प्रस्ताव नोव्हेंबर 2023 मध्ये गेला. एकच शेरा आला: पोहोच रस्ता दाखवा. गावनकाशावर पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट, होती, जागेवर मात्र दोन्ही बाजूंच्या कुंपणांनी ती बैलगाडीलाही अपुरी झालेली. एक कुंपण आमचं, ते दुसऱ्याच दिवशी काढलं. दुसरं पूर्वेच्या शेजाऱ्यांचं. भाऊ त्यांच्याकडं गेला, आणि त्यांनी आठवड्याभरात कुंपण मागं घेतलं, वर लेखी संमतीही दिली. म्हणाले, "तुझ्या आईनं दगूड स्वतः रोवून दिला हुता." परवानगी फेब्रुवारी 2024 मध्ये हातात आली. विकास शुल्क भरलं. बांधकामाचा खर्च 10 लाखांच्या वर असल्यानं तेव्हाच्या नियमाप्रमाणं कामगार कल्याणाचा एक टक्का उपकरही लागला, तो अंदाजपत्रकात आधीच धरायला हवा होता. आम्ही धरला नव्हता.

कर्जाचं थोडक्यात. 15 लाख, मी आणि भाऊ कर्जदार, जमिनीत नाव असल्यानं आईही सहकर्जदार. जमिनीच्या मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल, 4,000 रुपये. कर्ज टप्प्याटप्प्यानं मिळतं आणि पहिला टप्पा बहुधा आपलं काम दिसल्यावर, त्यामुळं पायाचे पैसे स्वतःचे हवेत.

कंत्राटदारांचे तीन दर आले: मटेरियलसह चौरस फुटाला 1,650, 1,850 आणि 2,100. स्वस्तातल्यात पाच फुटांच्या खालचा पाया आणि बाहेरचा गिलावा नव्हता. आमचा मुरूम साडेपाचवर! मधला निवडला, आणि 500 च्या मुद्रांकावर करार केला. रिंगांची टोकं, पाणी मारायचे दिवस, सळईची प्रत, कोणत्या टप्प्याला किती पैसे, सगळं त्यात लिहिलं. कंत्राटदारांना आधी राग आला. इंजिनिअर त्यांच्याशी तासभर बोलले, त्यानंतर त्यांनी स्वतःच दोन कलमं घातली.

इथवर यायला एप्रिल 2024 उजाडला. सगळं तयार, हाताशी पैसे, कंत्राटदार म्हणतात उद्या सुरू करू, मेअखेर जोतं बाहेर काढतो. मलाही घाई झाली होती. आई तिसऱ्या वर्षी भाड्याच्या दोन खोल्यांत पावसाळा काढणार होती. पण चाचणी खड्डा आम्ही बुजवला नव्हता, आणि आदल्या जूनमध्ये पहिल्याच मोठ्या सरीनंतर त्यात तीन फूट पाणी उभं राहिलेला फोटो भावाकडं होता. वळीव आमच्याकडं कधीही येतो. पायाच्या उघड्या खड्ड्यांत ते पाणी साचलं तर मुरुमाचा चिखल होतो. इंजिनिअरनी फोटो बघितला आणि नाही म्हणाले. सहा महिने थांबायचं ठरलं. आईला हे सांगायला मी मुद्दाम गावी गेले. ती म्हणाली, "भात निघूं दे. तवर काय, हाय तिथं हाय."

त्या सहा महिन्यांत बांधकामासाठी तात्पुरती वीजजोडणी घेतली, पाण्याची टाकी बसवली, आणि सगळे कागद तीन फायलींत लावले: जमीन, परवानगी, पैसे. वीट यायच्या आधी एकूण 1 लाख 90 हजारांच्या आसपास खर्च झाला होता. घराचा खर्च मोजताना ही रक्कम बाजूला वेगळी धरा.

12 ऑक्टोबर 2024, दसरा. भूमिपूजनाला दोन्ही आत्या आल्या. फक्कीच्या रेघा पुन्हा आखल्या होत्या. पूजा झाली, आपट्याची पानं वाटून झाली, आणि आक्का चप्पल काढून रेघांच्या आत गेल्या. मंजूर नकाशावर त्या खोलीचं नाव 'शयनगृह 2' आहे. घरच्या प्रतीवर आईनं मला पेननं 'वन्संची खोली' असं लिहायला लावलं होतं, आणि तोच कागद आक्कांच्या हातात होता. कागद उलटासुलटा करत त्या सोप्यातून डावीकडं वळल्या, एका चौकोनात थांबल्या आणि आईला हाक मारली, "वयनी, ही का माझी?" आई हो म्हणाली. आक्कांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि भिंत येणार होती त्या रेघेला टेकवून खाली ठेवली.

दिवाळी झाल्यावर, 6 नोव्हेंबरला, पहिला खड्डा खणला. मुरूम साडेपाच फुटांवरच लागला.